पाण्यातली चांदी: किती आणि कशासाठी

इराणचा राजा सायरस मोहिमेवर निघाला की खोअस्पिस नदीचं पाणी चांदीच्या भांड्यांत भरून, खेचरांच्या गाड्यांवर लादून सोबत नेत, असं हिरोडोटसने लिहून ठेवलंय. चांदीने पाणी शुद्ध होतं याचा पुरावा म्हणून हा दाखला नेहमी दिला जातो. त्यातली एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते: ते पाणी आधी उकळलेलं असे. माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे.

जंतूंना मारतात ते चांदीपासून सुटून पाण्यात मिसळलेले धनभारित आयन. जिवाणूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला ते घट्ट चिकटतात, श्वसनाची विकरं बंद पाडतात आणि पेशी मरते. नुसत्या भांड्यातून असे आयन फारच थोडे सुटतात, म्हणून काही यंत्रांत चांदीच्या पट्ट्यांतून वीज सोडतात. वीजही किती, तर एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर चालला की साधारण ४ मिलिग्रॅम चांदी पाण्यात उतरते. भारतीय मानकाची (आयएस १०५००) मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे एवढी चांदी ४० लिटर पाण्याला पुरते. बॅटरीला चांदीच्या तारा जोडून घरच्या घरी 'चांदीचं पाणी' करणारे तेवढीच चांदी पेलाभर पाण्यात उतरवू शकतात. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कातडी निळसर-करडी पडते. त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग पुन्हा जात नाही.

मर्यादेत राहिलात तर ती भीती नाही. रोज दोन लिटर याप्रमाणे ७० वर्षांत सुमारे ५ ग्रॅम चांदी पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभरासाठी सुरक्षित मानलेली मात्रा १० ग्रॅम आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. एवढ्या कमी मात्रेत चांदीला जिवाणू मारायला काही तास लागतात. विषाणूंच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, जिआर्डियासारख्या परजीवींची कवचं तर ती भेदत नाही. त्यात पाणी खारट असेल तर आणखी पंचाईत. शाळेच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडताच पांढरा साका धरतो, तो आठवा. कोकणातल्या मचूळ विहिरीच्या पाण्यातही क्लोराइड चांदीच्या आयनांना असंच बांधून टाकतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन भागात पिण्याच्या पाण्यात चांदीच वापरतात. तिथे आधीच शुद्ध केलेलं पाणी दीर्घकाळ साठवायचं असतं, त्यात पुन्हा जंतू वाढू नयेत एवढंच काम तिच्याकडे असतं, आणि पिण्याआधी ती काढावी लागत नाही. अमेरिकी भागातलं आयोडीन मात्र काढावं लागतं. आपल्या फिल्टरमधल्या चांदी लावलेल्या कार्बनचं कामही असंच राखणीचं: कार्बनवर जिवाणूंनी ठाण मांडू नये, एवढंच. पावसाळ्यात गावात विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीची साथ असेल, तर पाणी उकळूनच प्या किंवा योग्य मात्रेत क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा. साठवणीच्या भांड्यात चांदी असली तरीही.