जागा सासऱ्यांची, घर जावयाचं? पाया काढण्याआधी वाचा

बांधकामाचा अंदाज मागायला कुणी आलं की आमचा पहिला प्रश्न असतो, उतारा कुणाच्या नावावर आहे? काहींना हा आगाऊपणा वाटतो. आम्ही तरीही विचारतो.

कोल्हापुरात हे नेहमीचंच आहे. शिवाजी पेठेत वडिलांच्या जुन्या घरावर मुलगा मजला चढवतो, पाचगाव-कळंब्याकडे सासऱ्यांच्या प्लॉटवर जावई घर बांधतो. सगळं बोलणं तोंडी. सिमेंट-सळईची बिलं जावयाच्या नावावर, लाईटचं मीटर त्याचं, घरफाळ्याची पावतीसुद्धा त्याचीच. यातल्या एकाही कागदानं तो मालक होत नाही. घरफाळा ही करवसुली झाली. मालकी बघायची ती प्रॉपर्टी कार्ड किंवा सात-बारावर, आणि त्याहून जास्त त्यामागच्या नोंदणीकृत दस्तात.

जागा एकाची आणि वरचं बांधकाम दुसऱ्याचं, हे आपल्या कायद्याला चालतं. पट्ट्यानं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकरारानं, घेतलेल्या जागेवरची इमारत मुदत संपेपर्यंत पट्टेदाराच्या मालकीची असू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 1958 मध्येच सांगितलंय. पण तिथं पट्टा लिहिलेला होता.

‘बारा वर्षं राहिलं की जागा आपली’ हे चहाच्या गाड्यावरचं ज्ञान. परवानगीनं राहणाऱ्याचा कब्जा कितीही वर्षं झाली तरी आपोआप मालकाविरुद्धचा ठरत नाही. सासऱ्यांनी आनंदानं ‘बांधा की’ म्हटलं, तर तेच तुमच्या दाव्याच्या आड येतं. अर्थात तोंडी परवानगीवर बांधणारा अगदीच वाऱ्यावर नसतो. सुविधाधिकार अधिनियम, 1882 चं कलम 60 सांगतं, की परवानगीवर विसंबून स्वतःच्या खर्चानं कायमचं बांधकाम केलं असेल, तर ती परवानगी मालकाला मनाला येईल तेव्हा मागं घेता येत नाही. पण त्यानं वापराचा हक्क टिकतो, जागा नावावर होत नाही. आणि कोर्टात ते सिद्ध करता करता उमेदीची वर्षं जातात.

वडील-मुलगा असाल तर बक्षीसपत्राचा विचार करा. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, बाकीचे आकार वेगळे. या सवलतीत मुलगी आहे, जावई नाही. भाऊही नाही. जागा वडिलोपार्जित असेल तर आधी बहिणींकडे बघा. 2005 पासून त्यांचा वाटा मुलाइतकाच आहे. ‘ताईला काही नको’ हे दिवाळीच्या फराळाला ठीक, कागदावर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. नोटरीचा स्टॅम्प किंवा कुलमुखत्यारपत्र यांनी जागा विकली जात नाही, हे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय.

दस्त आम्ही करत नाही, त्यासाठी वकील गाठा. त्यांना दाखवायला कच्चा नकाशा आणि खर्चाचा अंदाज आम्ही आधी देतो, त्याचे पैसे घेत नाही. पाया काढायची तारीख दस्त झाल्यावर ठरवू.