चाचणीत अडायचंच असतं, हे मुलाला आधी सांगा

‘तिथे सुई टोचतात का?’ चाचणीला जायचंय म्हटलं की लहान मुलांचा पहिला प्रश्न बहुधा हाच. त्याचं उत्तर सरळ द्यावं: नाही. न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणीत, म्हणजे मेंदूची कामं कशी चालतात हे प्रश्नांतून आणि कोड्यांतून पाहणाऱ्या चाचणीत, सुई नसते, डोक्याला वायरी लावत नाहीत, मशीनमध्ये झोपवत नाहीत. टेबलापलीकडे एक ताई किंवा सर बसतात. ते कोडी घालतात, चित्रं दाखवतात, गोष्ट ऐकवून थोड्या वेळाने ती परत सांगायला लावतात, थोडं लिहून-वाचून घेतात. त्यातून मुलाचं लक्ष, स्मरणशक्ती, भाषा, विचारांचा वेग, कामाची आखणी, हात-डोळ्यांचा मेळ हे सगळं वेगवेगळं तपासलं जातं. फिट येणारी, डोक्याला मार लागलेली, दिवस भरण्याआधीच जन्मलेली, नाहीतर बोलण्यात हुशार पण वाचनात सतत मागे पडणारी मुलं यासाठी येतात. याला काही तास लागतात, म्हणून लहान मुलांसाठी बरेचदा दोन-तीन बैठका ठेवतात.

आता आईबाबांबद्दल. मुंबईत ‘टेस्ट’ हा शब्द ऐकला की आपला हात सवयीनेच सराव-प्रश्नांकडे जातो. यूट्यूबवर आयक्यूचे व्हिडिओ शोधले जातात, रात्री आकडे उलटे म्हणून घेतले जातात. हे कळकळीने सांगते: असं करू नका. या चाचण्यांचे गुण ठरतात ते त्याच वयाच्या खूप मुलांशी तुलना करून, आणि त्या मुलांनी ते प्रश्न पहिल्यांदाच पाहिलेले असतात. वेक्स्लरच्या चाचणीत, म्हणजे मुलांचा आयक्यू मोजणाऱ्या एका प्रसिद्ध चाचणीत, सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. सरावाने आकडा वर जातो, पण अडचण तिथेच राहते. म्हणूनच एक चाचणी झाल्यावर तीच लगेच पुन्हा घेत नाहीत. महाराष्ट्रात १९९६पासून अध्ययन अक्षमता (हुशार असूनही वाचन, लेखन किंवा गणित सतत अडणं) असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती आहेत आणि त्यासाठी सायनच्या टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होते. घोटवून घेतलेल्या उत्तरांमुळे ज्याला खरंच मदत हवी तेच मूल तिला मुकू शकतं.

मग तयारी कशाची करायची? माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट एकच: आपण अडणार आहोत, हे मुलाला आधीच माहीत असायला हवं. यातल्या बऱ्याच चाचण्यांची रचनाच तशी असते. सोप्यापासून सुरुवात होते, प्रश्न चढत जातात आणि ओळीने ठरावीक उत्तरं चुकली की तो भाग थांबतो. म्हणजे वर्गात पहिलं येणारं मूलसुद्धा जवळजवळ प्रत्येक भागात चुकूनच बाहेर पडतं. हे कुणी सांगितलेलं नसलं तर मुलाला वाटतं आपण नापास झालो, आणि त्याचा परिणाम पुढच्या भागावर होतो. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचं काम घ्या. समोरच्या चित्रासारखी नक्षी ठोकळ्यांतून जुळवायची असते, बाजूला स्टॉपवॉच चालू असतं. तपासणारी व्यक्ती वेळ नोंदवतेच, पण मूल कोपऱ्यापासून सुरू करतं की मधूनच, चूक स्वतः ओळखतं का, नक्षी जमत नाही म्हटल्यावर ठोकळे ढकलून देतं की वेगळी युक्ती लावतं, हेही बघते. अर्धवट राहिलेल्या नक्षीतूनसुद्धा खूप काही कळतं.

म्हणून असं काहीसं सांगा: ‘काही प्रश्न सोपे असतील, काही तुझ्याहून मोठ्या मुलांसाठीचे असतील. ते नाही आले तरी चालतं. नाही आलं तर नाही येत म्हण, दमलास तर दमलो म्हण, शू लागली तर सांग.’ पहिली-दुसरीतल्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं, मोठ्यांना आठवडाभर आधी, कारणासकट सांगा. ‘चल, खेळायला जाऊ’ अशी थाप मारू नका, तासाभरात ती उघडी पडते. ‘नीट केलंस तर सायकल घेऊ’ हेही नको.

भाषेचा मुद्दा आपल्या शहरात फार नाजूक आहे. बुद्धिमापनाच्या बिने चाचणीचं मराठी-कानडी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकातच केलं होतं, पण आजचं मुंबईतलं मूल एका भाषेत मावत नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, बिल्डिंगखाली हिंदी. तोंडी गणितात ‘एकोणतीस’ ऐकून इंग्रजी माध्यमातलं मूल थबकतं तेव्हा ते गणिताला अडलेलं नसतं, पण लांबून तसं दिसतं. घरात कोण कोणत्या भाषेत बोलतं, मूल स्वतःशी कशात मोजतं, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगून टाका. मराठीतून वाचन तपासायला ‘डाली’सारखी (भारतीय भाषांतून डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, तपासणारी) साधनं २०१५पासून आहेत, ती वापरता येतील का, हेही विचारा.

बाकीचं साधं आहे, पण चुकलं की महागात पडतं. आदल्या रात्री पूर्ण झोप हवी, त्यामुळे गणपतीच्या जागरणाच्या दिवसांत तारीख घेऊ नका. सकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीपासून उभं राहून आलेलं मूल आधीच थकलेलं असतं, उशिराची वेळ मागून पाहा. चष्मा, श्रवणयंत्र, पाण्याची बाटली आणि आवडीचा डबा बरोबर हवा. ताप-सर्दी असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला. फिटचं औषध स्वतःहून कधीही बंद करू नका, आणि एकाग्रतेचं औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, जुने रिपोर्ट, प्रगतिपुस्तक आणि शाळेच्या दोन-तीन वह्या सोबत न्या. वह्या खाडाखोडीसकट असूद्यात, नव्याने उतरवून घेतलेल्या नकोत. बाहेर आल्यावर ‘काय काय विचारलं?’ अशी उलटतपासणी नको, आधी खाऊ द्या. रिपोर्ट समजून घ्यायला शक्यतो दोघांनी जा, कारण आकडे ऐकताना एकाचं लक्ष हमखास सुटतं. वर्गशिक्षिकेला त्यातला कोणता भाग दाखवायचा, कोणता घरीच ठेवायचा आणि उद्यापासून वर्गात नेमका काय बदल मागायचा, हे तिथेच विचारून लिहून घ्या.