गुहेच्या तोंडाशी कोण उभं आहे?

बायबलच्या जुन्या करारात संकट आलं की माणसं डोंगराकडे पळतात आणि डोंगरात पोहोचली की गुहा शोधतात. यात कल्पनेचा भाग फारसा नाही. यरुशलेमभोवतीचा यहूदाचा डोंगराळ प्रदेश चुनखडीचा आहे. पावसाचं किंचित आम्ल पाणी भेगांतून झिरपत हजारो वर्षं दगड विरघळवत राहतं आणि डोंगराच्या पोटात पोकळ्या तयार होतात. पश्चिमेकडच्या टेकड्यांत खडक इतका मऊ आहे की छिन्नीने सहज कोरता येतो. पूर्वेला मृत समुद्राकडे उतरणाऱ्या घळींच्या कड्यांत तर गुहांना तोटा नाही. सह्याद्रीच्या काळ्या कातळात अशा आयत्या पोकळ्या क्वचित सापडतात; म्हणून आपल्याकडे डोंगराच्या पोटात राहायचं तर बहुतेकदा लेणी खोदावी लागली. तिकडे मेंढपाळ कळप घेऊन तयार गुहेत शिरत, आणि शत्रू आला की त्याच वाटेने अख्खं गाव.

शास्ते या पुस्तकात मिद्यानी टोळ्यांच्या भीतीने इस्राएली लोक डोंगरातल्या गुहांचा आसरा घेतात. पुढे शौल राजाच्या काळात पलिष्ट्यांचं सैन्य चालून येतं तेव्हा लोक गुहा, झुडपं, खडक, खड्डे, पाण्याची टाकी, मिळेल तिथे लपतात. शौलाचा मुलगा योनाथान पलिष्ट्यांच्या ठाण्यासमोर येतो, तेव्हा ते त्याची टर उडवतात : बघा, हे इब्री लपले होते त्या बिळांतून बाहेर यायला लागले! राजा असलेल्या, सैन्य असलेल्या देशाची ही अवस्था.

अडचण अशी की लपायच्या गुहेला बहुधा तोंड एकच असतं. आत शिरलेला माणूस सुरक्षित आहे की अडकला आहे, हे तोंडाशी कोण येऊन उभं राहतं त्यावर ठरतं. बायबलमध्ये गुहा आसऱ्याची जागा आहे आणि ईश्वरी न्यायाचीही, असं सांगताना पुष्कळदा दोन वेगळ्या याद्या दिल्या जातात. मला ती विभागणी पटत नाही. एकाच कथेत, कधी एकाच अध्यायात, आसऱ्याचा निवाडा होतो.

याचं सर्वांत उघडंवाघडं उदाहरण मक्केदाचं. यहोशवा या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात यरुशलेम, हेब्रोन, यर्मूथ, लाखीश आणि एग्लोन इथले पाच अमोरी राजे गिबोनवर एकत्र चाल करून जातात आणि गिबोनच्या मदतीला आलेल्या इस्राएली सेनापती यहोशवाकडून हरतात. पळणाऱ्या सैन्यावर आकाशातून गारा पडतात, आणि तलवारीपेक्षा गारांनी जास्त माणसं मेली असं कथा सांगते. राजे मक्केदाच्या गुहेत लपतात. यहोशवाला हे कळल्यावर तो आत माणसं पाठवत नाही. गुहेच्या तोंडावर मोठे धोंडे लोटा, पहारा बसवा आणि पाठलाग चालू ठेवा, एवढाच हुकूम देतो. लढाई आटोपल्यावर राजांना बाहेर काढतात, सरदार त्यांच्या मानेवर पाय देतात, मग त्यांना मारून पाच झाडांवर टांगतात आणि सूर्यास्ताला प्रेतं त्याच गुहेत टाकून पुन्हा धोंडे लावतात. लपण्याची जागा, तुरुंग आणि थडगं, तिन्ही एकच. ते धोंडे ‘आजपर्यंत’ तिथे आहेत, असंही लेखक जोडतो. म्हणजे त्या काळच्या वाचकांना दाखवता येईल अशी एखादी बुजवलेली गुहा असावी आणि कथा तिच्याभोवती सांगितली जात असावी.

गुहा आणि थडगं यांचं नातं आणखी जुनं. इस्राएलचा मूळपुरुष अब्राहाम याने बायको सारेच्या दफनासाठी एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा 400 शेकेल चांदी मोजून घेतली. वचनदत्त देशात त्याने विकत घेतलेली पहिली जमीन ती. त्याचा पुतण्या लोट याची गुहा मात्र दफनाची नाही आणि सन्मानाचीही नाही. सदोम शहर जळाल्यावर तो आधी सोअर गावात जातो, तिथेही भीती वाटते म्हणून मुलींना घेऊन गुहेत राहतो. तिथे मुलींना बापापासूनच मुलगे होतात; त्या गुहेतून मवाब आणि अम्मोन या शेजारी राष्ट्रांचा जन्म झाला, अशी ती बोचरी कथा आहे.

शौलानंतर राजा झालेल्या दावीदाच्या बाबतीत हीच रचना उलटी होते. शौलापासून पळून तो अदुल्लामच्या गुहेत येतो आणि त्याच्याभोवती सुमारे 400 माणसं जमतात : गांजलेले, कर्जबाजारी, मनाने कडवट झालेले. पुढे एन-गेदीच्या रानात शौल 3000 निवडक माणसं घेऊन त्याला शोधत येतो आणि मेंढवाड्यांजवळच्या एका गुहेत शौचासाठी एकटाच शिरतो. त्याच गुहेच्या आतल्या भागात दावीद आणि त्याचे साथीदार दबा धरून बसलेले. या वेळी अडकला आहे तो शिकारी. परमेश्वराने शत्रू हाती दिला आहे, उरकून टाक, असं साथीदार सुचवतात. दावीद शौलाच्या झग्याचं टोक तेवढं कापतो आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं. शौल बाहेर पडल्यावर दावीद मागोमाग गुहेबाहेर येतो, हाक मारतो, जमिनीपर्यंत वाकतो, कापलेलं टोक दाखवतो आणि म्हणतो की तुझा-माझा न्याय परमेश्वर करो, माझा हात तुझ्यावर पडणार नाही. स्तोत्रसंहितेतल्या 57 आणि 142 या स्तोत्रांच्या मथळ्यांत दावीद गुहेत असतानाचा उल्लेख आहे तो याच भटकंतीचा.

संदेष्टा एलीया गुहेत पोहोचण्याआधी अहाब राजाचा कारभारी ओबद्या 100 संदेष्ट्यांना पन्नास-पन्नासच्या गटांत गुहांत लपवून भाकर-पाणी पोहोचवतो. हा निखळ आसरा. एलीया स्वतः ईजबेल राणीच्या धमकीने होरेब डोंगरापर्यंत पळतो आणि एका गुहेत रात्र काढतो. तिथे त्याला धीर मिळत नाही, प्रश्न मिळतो : एलीया, तू इथे काय करतो आहेस? वारा, भूकंप, अग्नी आणि मग शांत, मंद वाणी. तोंड झाकून तो गुहेच्या दाराशी येतो तेव्हा तोच प्रश्न पुन्हा. उत्तर ऐकून घेतल्यावर त्याला परत पाठवलं जातं, नव्या राजांना अभिषेक करायला. (कोकणातले बेने इस्राएल ज्यू मलिद्याच्या विधीच्या वेळी ज्याला आळवतात आणि ज्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात, तो एलियाहू हन्नाबी हाच, पण ती परंपरा त्याच्या स्वर्गारोहणाची आहे.)

संदेष्ट्यांच्या ग्रंथांत गुहा लपायलाही पुरत नाही. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर पृथ्वी हादरवायला उठतो तेव्हा लोक खडकांच्या कपारींत शिरतात आणि सोन्याचांदीच्या मूर्ती घुशी-वटवाघळांपुढे फेकून देतात. उज्जीया राजाच्या काळातला एक मोठा भूकंप आमोस आणि जखऱ्या या दोन्ही पुस्तकांत आठवला आहे, आणि यशया त्याच पिढीचा. जमीन हादरताना गुहेत शिरणं म्हणजे काय, हे त्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावं लागलं नसणार. यहेज्केल तर स्पष्टच म्हणतो की गडांत आणि गुहांत बसलेले मरीने मरतील. नव्या करारात प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात पृथ्वीचे राजे, सेनापती, श्रीमंत आणि दास गुहांत दडून डोंगरांनाच विनवतात, आमच्यावर पडा आणि आम्हाला लपवा. मक्केदाला शत्रूने लोटलेला दगड इथे लपणारेच मागतात.

प्रत्यक्ष इतिहासही याच वळणाने गेला. यरीहोच्या उत्तरेला वादी दालियेच्या गुहेत 1962 साली शोमरोनी लोकांचे इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले पपायरस आणि अनेक सांगाडे मिळाले. अलेक्झांडरच्या सैन्यापासून पळालेले हे लोक गुहेच्या तोंडाशी लावलेल्या आगीच्या धुराने गुदमरले, असा संशोधकांचा तर्क आहे. इतिहासकार जोसेफस सांगतो की हेरोद राजाने गालीलातल्या अर्बेलच्या कड्यातल्या गुहांवर सैनिकांना पेट्यांत बसवून वरून खाली सोडलं. तिथे एका म्हाताऱ्याने शरण जाण्याऐवजी बायको आणि सात मुलांना मारून स्वतः कड्यावरून उडी घेतली.

बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याच्या रोमविरुद्धच्या बंडात, इसवी सन 132 ते 135 या काळात, एन-गेदीजवळच्या नहाल हेवेर घळीतल्या गुहांत माणसं लपली, आणि रोमनांनी बरोबर वर, पठारावर, छावण्या टाकल्या. यिगाएल यादीन यांच्या 1960-61 च्या उत्खननात तिथे घरांच्या किल्ल्या सापडल्या आणि बाबाथा नावाच्या स्त्रीचं कागदपत्रांचं पुडकंही : खजुरांच्या बागांचे व्यवहार, विवाहाचा करार, मुलाच्या पालकत्वावरून चाललेला खटला. गुहेत शिरताना या लोकांनी परतल्यावर घर उघडता येईल आणि कज्जा पुढे चालवता येईल, एवढी तजवीज केली होती.