गोविंदा पथक

गोविंदा पथक म्हणजे दहीहंडी फोडण्यासाठी माणसांचे थर लावणारा, बहुधा एकाच वस्तीतल्या तरुणांचा संघ. श्रावण वद्य अष्टमीच्या मध्यरात्री कृष्णजन्म होतो आणि दुसऱ्या दिवशी, नवमीला, मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरारच्या रस्त्यांवर ही पथके उतरतात. ‘गोविंदा’ हा शब्द सणालाही लावतात, पथकालाही आणि थरात उभ्या असलेल्या एकेका मुलालाही. दूरचित्रवाणीवर दिसतो तो त्या एका दिवसाचा जल्लोष. पथक मात्र वर्षभर टिकणारी संस्था आहे. मुंबईतल्या कष्टकरी आणि निम्न मध्यमवर्गीय मराठी तरुणांच्या आयुष्यात तिचे स्थान क्रीडामंडळ, मित्रमंडळ आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे असे तिहेरी आहे.

काल्यापासून हंडीपर्यंत

दहीहंडीचे मूळ गोपाळकाल्यात आहे. गोकुळातल्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून कृष्णासह वाटून खाल्ल्या, ही काल्याची कथा. वारकरी संप्रदायात तिला फार मोठे स्थान आहे. नामदेव, एकनाथ, तुकाराम यांचे काल्याचे अभंग आहेत, हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानेच होते, आणि आषाढी वारीनंतर पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, लोणचे, काकडी, ओले खोबरे, मिरची, आले असे ज्याच्या घरात जे असेल ते एकत्र कालवायचे आणि एकमेकांना भरवायचे. कोणाचा घास कोणाच्या तोंडी गेला याची विचारपूस नाही, हेच काल्याचे मर्म.

कोकणात आणि गोव्यात याच कल्पनेने आणखी रूपे घेतली. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधल्या दशावतारी नाटकाला ‘दहीकालो’ म्हणतात आणि रात्रभर चाललेल्या खेळाच्या शेवटी, पहाटे, हंडी फुटते. गोव्यात माशेलच्या देवकीकृष्ण मंदिरासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो. त्यात लहानथोर अंगाला तेल लावून चिखलात खेळतात. तिथे थर नाहीत, बक्षिसे नाहीत.

मुंबईत कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार चाळींत राहिले आणि हंडी त्यांच्याबरोबर आली. दोन चाळींच्या गॅलऱ्यांमध्ये दोर बांधायचा, मधोमध फुलांनी सजवलेले मडके टांगायचे, आणि खालून पोरांनी थर लावताना वरच्या बायकांनी घागरीच्या घागरी पाणी ओतायचे. हंडीची उंची चाळीच्या मजल्यांनी ठरत असे, त्यामुळे थरही तेवढेच लागत. गिरगाव, लालबाग, परळ, वरळी, दादर, माझगाव हे या परंपरेचे जुने बालेकिल्ले आहेत. ठाण्यात टेंभी नाक्याची आनंद दिघे यांची हंडी नावारूपाला आली आणि मुंबईची पथके ठाण्याकडे वळू लागली.

पथक चालते कसे

सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो. नारळ फुटतो आणि पुढचा महिना-सव्वा महिना रोज रात्री नऊ-दहानंतर मैदानावर किंवा चाळीच्या आवारात थर लागतात. वेळ रात्रीचीच असते, कारण दिवसा मुले कामावर किंवा कॉलेजात असतात. कुरिअर पोचवणारे, दुकानात उभे राहणारे, बँकेत कारकुनी करणारे, भरतीची तयारी करणारे, बारावीत शिकणारे असे सगळे एका मैदानात येतात. अनेक पथके मुळात कबड्डीची मंडळे आहेत. दम आणि पकड तिथूनच आलेली असते.

थरांची रचना नीट पाहिली की सराव एवढा का लागतो ते कळते. तळाला वयाने आणि अंगाने भरलेले लोक खांद्याला खांदा भिडवून, माना आत घालून कडे करतात. त्यांच्याभोवती आणखी शंभर-दोनशे माणसांची दाटी असते आणि ती बाहेरून आत रेटा देत असते. बघणाऱ्याला ती गर्दी वाटते, पण तो थराचा पाया असतो. तिथल्या माणसाला वर काय चालले आहे ते दिसत नाही. पाणी डोळ्यांत जाऊ नये, मानेला हिसका बसू नये म्हणून त्याने खालीच बघायचे असते. दुसऱ्या थरातले गडी अनवाणी पायांनी पहिल्यांच्या मांडीवरून, कमरेवरून खांद्यावर चढतात आणि एकमेकांना धरून उकिडवे बसतात. त्यांच्यावर तिसरा थर, त्यावर चौथा. सगळे जागेवर बसले की सूचना देणाऱ्याच्या आवाजावर किंवा शिटीवर खालून क्रमाने एकेक थर उभा राहतो. चुकतो तो बहुतेक याच क्षणी. एकाने घाई केली किंवा एकाचा गुडघा लटपटला की त्याचा धक्का वरपर्यंत जातो.

वरच्या थरांत माणसे कमी होत जातात आणि अखेरीस एकावर एक असे एकेकटे उभे राहतात. त्यांना ‘एक्का’ म्हणतात. जितके एक्के जास्त, तितका मनोरा सडपातळ आणि अवघड. सर्वांत वर हलक्या वजनाचे पोर असते. हंडी फोडायची नसेल तर ते हात उंचावून ‘सलामी’ देते आणि आयोजक त्या थरांचे बक्षीस देतात. दिवसभरात ट्रक, टेम्पो, मोटरसायकलींवरून फिरत पथके अशा अनेक ठिकाणी सलामी देतात. मुख्य दिवसाच्या आधी काही भागांत ‘चोरगोविंदा’ही असतो. तिथे मोठ्या दिवसाची तयारी लोकांसमोर पारखून घेतली जाते.

सलामीनंतर उतरायचे असते, आणि जाणत्या प्रशिक्षकांचे लक्ष तेव्हाच सर्वांत जास्त असते. दमलेले पाय, ओले खांदे आणि ‘झाले एकदाचे’ ही भावना तिन्ही एकदम येतात. वरून खाली, एकेक माणूस, आधीच्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत तळाने हलायचे नाही, ही शिस्त महिनाभर घोटलेली असते.

मुलींची आणि महिलांची स्वतंत्र पथके १९९०च्या दशकापासून दिसू लागली. पार्ले स्पोर्ट्स क्लब आणि गोरखनाथ या महिला पथकांची नावे मुंबईत सर्वांना माहीत आहेत, आणि सहा-सात थरांपर्यंत महिला पथके पोचली आहेत. पूर्वी गॅलरीतून पाणी ओतणे एवढाच ज्यांचा वाटा होता त्यांच्या लेकी-नाती थरात उभ्या राहिल्या, हा या सणातला सर्वांत मोठा बदल मानायला हवा. त्यामागे घरच्यांची समजूत काढणे, रात्री उशिरापर्यंत सरावाला थांबण्याची परवानगी मिळवणे आणि सरावानंतर एकमेकींना घरापर्यंत सोडणे असे बरेच काही असते. बातम्यांत फक्त थरांची संख्या येते.

उंची, बक्षिसे आणि न्यायालये

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून राजकीय नेत्यांच्या प्रतिष्ठानांनी हंड्या बांधायला सुरुवात केली, क्रेनवर टांगलेल्या हंड्या चौकाचौकांत आल्या आणि बक्षिसे लाखांत गेली. चाळीच्या मजल्याचे माप संपले. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने ठाण्यात ९ थर लावले. ४३.७९ फुटांच्या या मनोऱ्याची गिनीज बुकात नोंद झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षे ९ थर हेच मोठ्या पथकांचे स्वप्न राहिले. १६ ऑगस्ट २०२५ रोजी जोगेश्वरीच्याच ‘कोकण नगर’ पथकाने ठाण्यात १० थर लावले. त्याच दिवशी जय जवाननेही १० थर लावले.

उंचीबरोबर अपघात वाढले. दरवर्षी दहीहंडीच्या रात्री केईएम, सायन, नायर, राजावाडी या रुग्णालयांत जखमी गोविंदांची रीघ लागते. मणका किंवा मानेला मार लागून कायमचे अंथरुणाला खिळलेले तरुणही आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी या आदेशाला स्थगिती दिली, पण २०१६ मध्ये दोन्ही मर्यादा कायम ठेवल्या. त्या वर्षी काही ठिकाणी शिडी लावून हंडी फोडून निषेध झाला, तर काही ठिकाणी मर्यादा उघड मोडल्या गेल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंची ठरवणे हे आपले काम नाही असे सांगितले आणि १४ वर्षांखालील मुलांना थरात घेणार नाही, ही राज्य शासनाची हमी नोंदवून घेतली.

आज प्रश्न या वयाचाच आहे. वरचा एक्का जितका हलका तितका मनोरा उंच जातो, हे साधे गणित आहे, आणि म्हणूनच लहान मुलाचा मोह सुटत नाही. मोठ्या पथकांत आता वरच्या मुलाला हेल्मेट असते, कमरेला पट्टा आणि त्याला क्रेनवरून सोडलेला दोर असतो. सरावाच्या मैदानात मात्र क्रेन नसते, गाद्याही अनेकदा नसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये दहिसरला सरावातच पडून ११ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. नियम १४ वर्षांचा असताना ११ वर्षांचे पोर वर चढलेले होते आणि ते चढवताना कोणीही अडवले नाही. सणाच्या दिवशी पोलिस, पालिका आणि कॅमेरे असतात, तर सरावाच्या महिनाभरात मुलांवर लक्ष ठेवायला फक्त पथकातली मोठी माणसे असतात. ही जबाबदारी त्यांचीच आहे, आणि ती पाळणारी पथके आहेत म्हणूनच न पाळणाऱ्यांना सबब सांगता येत नाही.

खेळ, नोकरी, विमा

करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये हंडी झाली नाही. २०२२ मध्ये निर्बंध उठले. त्याच ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये, दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख आणि एक गमावल्यास ५ लाख रुपये अशी मदत ठरली. शासकीय नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ गोविंदांनाही मिळेल, असेही तेव्हा सांगितले गेले.

या शेवटच्या घोषणेवर सर्वांत तीव्र प्रतिक्रिया उमटली ती स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांची. पुण्यात खोली भाड्याने घेऊन, अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसून एका जागेसाठी झटणाऱ्या मुलांना थर लावण्यासाठी आरक्षण ही थट्टा वाटली. गोविंदांचे म्हणणे होते की, कबड्डीपटूला मिळते ते आम्हाला का नको. खेळाच्या कोट्यासाठी नियम, अधिकृत स्पर्धा आणि प्रमाणपत्रे लागतात, आणि दहीहंडीत ती नव्हती, हा आक्षेप वाजवी होता. पण या वादात एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन्ही गट एकाच वयाचे, बहुतेकदा सारख्याच घरांतले आणि एकाच गोष्टीच्या शोधात होते, ती म्हणजे पक्की नोकरी. २०२३ मध्ये वरळीच्या डोममध्ये ‘प्रो गोविंदा’ ही लीग सुरू झाली. तिथे बंदिस्त सभागृहात, गाद्यांवर, घड्याळ लावून थर लावतात. शासनाच्या विमा योजनेचा आकडाही वाढत गेला आणि २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांच्या विम्याला मंजुरी मिळाली.

वस्ती बदलली, पथक राहिले

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले आणि गिरणगावातली कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली. पथकाची नावे मात्र जुन्याच गल्लीची राहिली. आजही अनेक मुले सरावासाठी कामावरून थेट लालबागला किंवा माझगावला येतात आणि शेवटची लोकल पकडून घरी जातात. नव्या ठिकाणच्या सोसायटीत शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसते. जुन्या गल्लीत मात्र रक्त हवे असले की निरोप जातो, कोणाचे वडील रुग्णालयात असले की रात्रीच्या पाळ्या ठरतात. सरावाचे वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येते, थरांचे व्हिडिओ रिल होऊन फिरतात, टी-शर्टवर प्रायोजक असतो. यामुळे परंपरा बाटली असे म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री अकराला मैदानावर जाऊन पाहावे. फोन एका पिशवीत जमा झालेले असतात आणि वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर वरच्या थरांचे वजन असते.

थरांची दुसरी मोठी परंपरा स्पेनच्या कॅटलोनियात आहे. तिथल्या ‘कास्तेल’ या मानवी मनोऱ्यांना २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि १० थर तिथल्या विलाफ्रांकाच्या संघाने १९९८ मध्येच लावले होते. तिथेही सर्वांत वर लहान मूल चढते आणि हात उंचावते. २००६ मध्ये एका मुलीच्या मृत्यूनंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी खास हेल्मेट आले. तिथल्या नियमांतली एक गोष्ट इथे आणण्याजोगी आहे. मनोरा लागला पण उतरताना कोसळला तर त्याची नोंद वेगळी होते आणि त्याला कमी गुण मिळतात. पूर्ण गुण नीट उतरलेल्या मनोऱ्यालाच. मुंबई-ठाण्यातल्या आयोजकांनी ‘किती थर लावले’ याबरोबर ‘किती उतरवले’ हेही बक्षिसाच्या पाटीवर लिहिले, तर प्रशिक्षक जे महिनाभर शिकवतात त्यालाच किंमत येईल.