गंज आतून का येतो: पोकळ पत्र्याची पार्श्वभूमी

जून जवळ आला की पुण्यातल्या गॅरेजांत अंडरकोटिंगची घाई सुरू होते. गाडीच्या पोटाला काळा थर बसतो आणि मालक निर्धास्त होतो. पण दरवाजाचा खालचा काठ किंवा दाराच्या उंबऱ्याखालची पोकळ पेटी सडते ती आतून. रंगाला फोड दिसतो तोवर पत्रा संपलेला असतो.

सुरुवातीच्या मोटारींना जाड लोखंडी सांगाडा असे आणि बॉडी त्यावर वेगळी बसवत. १९३४च्या सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँमध्ये पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्यांची बॉडी हाच सांगाडा झाला. १९४६च्या व्हेस्पाने तेच तंत्र स्कूटरला लावलं. साठच्या दशकात परवान्यावर ती आकुर्डीत बनू लागली आणि १९७२मध्ये तिच्या वळणाची चेतक आली. चेतक सडायची ती बहुधा फूटबोर्डपाशी. त्याच्या खालच्या जोडपट्ट्यांत पुढच्या चाकाचा चिखल अडकून ओला राहायचा. मग वरून पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून मारायचा. त्या उष्णतेने आतला उरलासुरला रंग जळायचा आणि गंजाला नवी जागा मिळायची.

पाणी फक्त पावसाचंच नसतं. रात्री पत्रा गार पडला की पोकळीतल्या हवेतलाच ओलावा आत साचतो. स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्याने सांधलेल्या दोन पत्र्यांमधली फट तो ओढून घेते आणि सहजी सोडत नाही. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो जोडच उचकटतो.

साठच्या दशकात अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेने रंग चढवण्याची पद्धत मोटार कारखान्यांत आली. तरी खोल पोकळीत थर पातळच बसतो. म्हणून तिथे मेण फवारतात. ते मऊ राहतं, फटीत झिरपतं आणि पाण्याला धातूपर्यंत पोचू देत नाही. आपल्याकडे त्या जागी जळकं ऑइल मारायची सवय होती. ते चार पावसांत धुऊन जातं, रबर फुगवतं आणि जमीनही नासवतं.

पण मेणाआधी भोकं. दरवाजाच्या आणि पेटीच्या तळाशी ती मुद्दाम ठेवलेली असतात. रंगाच्या टाकीतून बॉडी वर काढली की जादा रंग त्यांतूनच निथळतो, पुढे पाणीही. अंडरकोटिंगचा जाड थर नेमका तीच बुजवतो, आणि हे मला सगळ्यात जास्त खुपतं. काम संपल्यावर प्रत्येक भोकात काडी घालून पाहा. दाराची काच जिथून खाली जाते तिथल्या रबरी पट्टीवर तांब्याभर पाणी ओता. ते दाराखालून लगेच ठिबकायला हवं.