नवं घर, जुना वास

माझ्या बहिणीने गेल्या दिवाळीनंतर घर बदललं. कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावरून पिंपळे सौदागरच्या अकराव्या मजल्यावर. तीन वर्षं लेंड्या-मुतासाठी न चुकता त्याच्या ट्रेमध्ये जाऊन बसणारा तिचा पांढरा ससा पहिल्याच दिवशी हॉलभर लेंड्या पेरत फिरला. सोफ्यापाशी, दाराशी, गॅलरीच्या उंबऱ्याशी. भाची म्हणाली, "मामा, तो रागावलाय. सूड घेतोय." शेजारच्या काकूंनी वास्तुदोष काढला आणि ईशान्येला मिठाची वाटी ठेवायला सांगितली. मिठाने काही बिघडत नाही, पण त्या वाटीवर भरवसा ठेवून घरातल्यांनी आठ दिवस घालवले, आणि तेवढ्यात सशाची नवी सवय पक्की होत गेली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक घोळ दूर करू. आपल्या माळरानावर दिसतो तो ससा आणि दुकानातून आणलेला ससा हे वेगळे प्राणी आहेत. माळावरचा एकटा राहतो, बीळ खणत नाही, गवतात खोलगट जागा करून पडून असतो. त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. घरातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो टोळीने, बोगद्यांच्या जाळ्यात राहतो. आणि टोळीने राहणाऱ्या या सशाला ठरावीक जागी लेंड्या टाकायची उपजत ओढ असते. ट्रेची सवय आपण त्याला शून्यातून लावत नाही, त्याच्या जुन्याच सवयीला जागा दाखवतो.

एकाच जागी साचणाऱ्या लेंड्यांच्या या ढिगांचं कोडं ऑस्ट्रेलियात उलगडलं. तिथे १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी इंग्लंडहून आणलेले ससे मोकळे सोडले आणि पुढे सशांनी देशभर शेतीचा फडशा पाडला. त्यामुळे सशाचं वागणं बारकाईने अभ्यासणं ही तिथली गरजच होती. १९६० च्या दशकात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले रोमान मिकिटोविच सशांच्या ग्रंथींच्या मागे लागले. सशाकडे वास सोडणाऱ्या ग्रंथींच्या तीन मुख्य जागा आहेत: हनुवटीखाली, जांघेत आणि गुदद्वाराशी. आतड्यातून बाहेर पडणाऱ्या लेंडीवर शेवटच्या टप्प्यात गुदग्रंथीच्या स्रावाचा लेप चढतो. म्हणजे लेंडी ही सशाची सही आहे. चरता चरता सहज पडलेल्या लेंड्यांपेक्षा ढिगावर नेऊन टाकलेल्या लेंड्यांना हा वास जास्त येतो, असं दिसलं. टोळीतल्या वरचढ नराची ग्रंथी मोठी असते, खच्ची केलेल्या नराची आक्रसते. कारण या ग्रंथींची वाढ टेस्टोस्टेरॉनसारख्या लैंगिक संप्रेरकांवर अवलंबून असते.

मला सगळ्यात भावतो तो यापुढचा भाग. एकमेकांना अनोळखी असे दोन ससे एका आवारात सोडले आणि त्या आवारात त्यांच्यापैकी एकाचाच वास आधीपासून असला, तर ज्याचा वास तोच बहुधा वरचढ ठरतो. स्वतःचा वास हा सशाचा धीर आहे. आवार तेच, ताकद तीच, फरक फक्त नाकात शिरणाऱ्या रेणूंचा. यातले जड, सहज न उडणारे रेणू नाकाच्या पडद्याच्या तळाशी असलेलं जेकबसनचं इंद्रिय टिपतं. तिथून संदेश वेगळ्या वाटेने मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डलाकडे जातो. भीती आणि लैंगिक वर्तन यांचे दोर तिथे गुंफलेले असतात.

आता पिंपळे सौदागरचा फ्लॅट सशाच्या नाकाने बघा. ताज्या रंगाचा वास, फरशीवर फिनाइल, आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याचा पुसट वास, आणि स्वतःचा वास कुठेच नाही. अशा जागी तो लेंड्या पेरतो म्हणजे स्वतःला धीर देतो. आणि आपण काय करतो? दर तासाला फिनाइलने पुसून त्याची सही खोडतो. तो पुन्हा करतो.

म्हणून बहिणीला सांगितलं की घर बदललंस तरी ट्रे बदलू नकोस. सामान हलवताना ट्रे घासूनपुसून न्यायचा नाही, जुन्या लेंड्या आणि मुताने भिजलेला कागदाचा तुकडा तळाशी राहू द्यायचा. पहिले काही दिवस पूर्ण घर मोकळं न देता एकच खोली द्यायची. त्याने स्वतःच निवडलेल्या कोपऱ्यात ट्रे सरकवायचा. बाहेर पडलेल्या लेंड्या झाडूने गोळा करून ट्रेमध्ये टाकायच्या. ट्रेच्या एका टोकाला वाळलेलं गवत ठेवायचं, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. मांजरांसाठीची, ओली झाल्यावर गोळा होणारी माती नको, ती पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. ससा खच्ची केलेला नसेल तर हे सगळं करूनही खुणा करणं चालू राहू शकतं. शस्त्रक्रिया सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी, आणि आधी त्याला उपाशी ठेवू नये. ससा उलटी करूच शकत नाही, त्यामुळे उपाशी ठेवून फायदा नाही, उलट आतडं मंदावतं. शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकं ओसरायला काही आठवडे लागतात.

मुताची गोष्ट वेगळी. सशाचं मूत अनेकदा गढूळ, दुधाळ असतं आणि वाळल्यावर पांढरा थर उरतो. बहुतेक सस्तन प्राणी अन्नातून गरजेपुरतं कॅल्शियम शोषतात, मुतातून २ टक्क्यांहूनही कमी बाहेर टाकतात. ससा मिळेल तितकं शोषतो आणि ४५ ते ६० टक्के मुतावाटे सोडतो. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचाच. म्हणून पांढऱ्या व्हिनेगरने तो फसफसून निघतो. पण शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरी फरशी असेल तर व्हिनेगर लावू नका. त्या फरश्याही चुन्याच्याच दगडाच्या, डागाबरोबर फरशीची झिलई जाते. वाढ पूर्ण झालेल्या सशाला रोज लसूणघास घालणाऱ्यांनीही जपावं. त्यात साध्या गवतापेक्षा कॅल्शियम बरंच जास्त असतं.

बहिणीचा ससा तिसऱ्या आठवड्यात ठिकाणावर आला. आधी मूत ट्रेमध्ये होऊ लागलं, लेंड्या मागाहून. दाराशी अजून चार-दोन पडतात, त्या ती राहू देते.

लेंड्या कुठे पडतात याची काळजी करताना त्या पडतात की नाही हे मात्र बघत राहा. धडधाकट ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. घर हलवण्याच्या ताणाने त्याचं आतडं थंडावू शकतं. बारा तास एकही नवी लेंडी पडली नाही आणि ससा गवतालाही तोंड लावत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.