कॉम्प्युटर की फिजिक्स? बारावीनंतरचे प्रवेशमार्ग, पात्रता आणि कागदपत्रे

कॉम्प्युटर आणि फिजिक्स दोन्ही आवडतात, पण अजून ठरत नाही, अशा विद्यार्थ्याने बारावीच्या निकालाची वाट पाहत थांबू नये. निकाल लागेपर्यंत एमएचटी-सीईटी या राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचे आणि आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या परीक्षेचे अर्ज सहसा बंद झालेले असतात. म्हणून जानेवारी ते एप्रिल या काळात दोन्हीकडचे अर्ज भरून ठेवावेत आणि निर्णय जूनमध्ये घ्यावा. आयसरकडचे जीवशास्त्र सोडले तर दोन्हीकडच्या परीक्षांचा अभ्यासक्रम जवळपास तोच असतो. वेगळ्या असतात त्या पात्रतेच्या अटी आणि दाखल्यांचे नमुने. चांगले गुण असूनही जागा जाते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा मार्ग: सीईटी आणि कॅप

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे प्रवेश राज्याचा सीईटी कक्ष केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून करतो. पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची असते. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताला. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य असून पात्रतेच्या विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातील मागास प्रवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस) आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के.

जेईई मेन ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा दिली असेल तर कॅपच्या अर्जात तोही गुणांक जरूर भरा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या जागांवर जेईई मेनची गुणवत्ता आधी धरली जाते. राज्याबाहेरच्या उमेदवाराला कॅपमधून याच जागा मिळू शकतात. गोव्यात दहावी-बारावी केलेल्या आणि महाराष्ट्राचा अधिवास नसलेल्या मराठी मुलाचीही गणना त्यांच्यातच होते. सीमाभागातल्या मराठी कुटुंबांसाठी मात्र स्वतंत्र तरतूद आहे. वादग्रस्त सीमाक्षेत्रात राहणारा, मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी 'ई' या उमेदवारी प्रकारात अर्ज करू शकतो. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे.

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झाली असेल तर उमेदवारीचा 'ए' प्रकार. त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थान महाराष्ट्रातले असेल, तर अधिवास प्रमाणपत्र वेगळे काढावे लागत नाही. दाखल्यावर जन्मस्थानाची जागा कोरी असेल किंवा तिथे दुसऱ्या राज्यातले गाव असेल, तर आजच 'आपले सरकार' संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. जून महिन्यात तहसील कार्यालयांवर याच अर्जांचा ताण असतो.

जात पडताळणी: सर्वात आधी हाती घ्यायचे काम

राखीव प्रवर्गातून इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा तर नुसते जातप्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्याचा अर्ज अकरावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत करावा. ऑनलाइन अर्ज भरून त्याची प्रत, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचे शिफारसपत्र, शपथपत्रे आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे असा संच जिल्हा समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते.

अर्ज रखडतो तो जुन्या पुराव्यांपायी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सर्वात कामाचा. गावची शाळा सुट्टीत बंद असते, जीर्ण रजिस्टर शोधायला वेळ लागतो, आडनावात किंवा जातीच्या नोंदीत फरक निघतो. मग वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता आधीच झाली असेल तर काम खूप सोपे होते. पडताळणीच्या पावतीवर प्रवेश देण्याची सवलत काही वर्षी मिळालेली आहे, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. त्या भरवशावर राहू नये.

नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग), विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला लागतो, अनुसूचित जाती-जमातींना नाही. प्रवेशाच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असायला हवा. गेल्या वर्षीचा दाखला अपलोड करून अर्ज परत आलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

एकच घर, दोन नमुने

आयसर, नायसर, आयआयटी, एनआयटी या केंद्राच्या संस्था. तिथे ओबीसी-एनसीएल, म्हणजे ओबीसींचा नॉन-क्रिमिलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि सहसा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला मागतात. राज्याचा नॉन-क्रिमिलेअर दाखला तिथे चालत नाही. जातही केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. विमुक्त-भटक्यांचा (व्हीजे-एनटी) हा वेगळा प्रवर्ग केंद्रात नाही. त्यातल्या वंजारी, धनगर अशा अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. २०२४ च्या कायद्याने आलेले एसईबीसी आरक्षण फक्त राज्यापुरते आहे. ईडब्ल्यूएसचेही राज्याचे आणि केंद्राचे नमुने वेगळे. दोन्ही मार्ग उघडे ठेवणाऱ्याने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही नमुन्यांसाठी एकदमच अर्ज करावा.

फिजिक्सचा मार्ग: आयएटी आणि नेस्ट

पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेऱ्हामपूर अशा सात आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. प्रवेश आयएटी या परीक्षेतून. १८० मिनिटांत ६० प्रश्न: जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. बारावीला किमान ६० टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ५५. बारावी त्याच किंवा लगतच्या आधीच्या वर्षी झालेली असावी. बंगळुरूची आयआयएससीसुद्धा तिच्या विज्ञान पदवीसाठी आयएटीचे गुण विचारात घेते.

गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांनी इथे सावध राहावे. २४० पैकी ६० गुण जीवशास्त्राचे आहेत आणि ते वगळता येत नाहीत. अकरावी-बारावीतल्या पेशी, आनुवंशिकता, पर्यावरण एवढ्या प्रकरणांची तयारी केली तरी निम्म्या प्रश्नांना हात घालता येतो. नेस्ट परीक्षा अशा विद्यार्थ्याला जास्त सोयीची, कारण चार विभागांपैकी सर्वाधिक गुणांचे तीन धरले जातात. नेस्टमधून भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातले सीईबीएस हे मूलभूत विज्ञानांचे केंद्र, या दोन ठिकाणी पाच वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. पात्र विद्यार्थ्यांना अणुऊर्जा विभागाच्या दिशा योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. सीईबीएसचे नाव मुंबईतल्याच कित्येक पालकांनी ऐकलेले नसते, याची खंत वाटते.

खरोखरच दोन्हीच्या मधोमध असलेल्या मुलासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट पाहण्यासारखी आहे. तिथे गणित व संगणकशास्त्र आणि गणित व भौतिकशास्त्र असे दोन बीएस्सी ऑनर्स अभ्यासक्रम आहेत. प्रवेश परीक्षा गणिताची. प्रश्न सीईटीसारखे झटपट सुटणारे नसतात, सिद्धता लिहाव्या लागतात.

साधी बीएस्सीही कमी लेखू नये. पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईची झेवियर्स, रुईया अशा कॉलेजांत प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते. ती न करता फक्त कॉलेजचा अर्ज भरला तर तो अपुरा ठरतो. पदवीनंतर आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. बीसीएला मात्र २०२४-२५ पासून स्वतंत्र सीईटी आली आहे, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला नाही. हा फरक अर्ज भरण्याआधीच पाहा.

पसंतीक्रम भरताना

कॅपच्या अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. जागावाटप गुणवत्ता क्रमांकाने होते: संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या क्रमांकाला उपलब्ध असलेली पहिली जागा देतो. वर अवघड कॉलेज लिहिले म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. म्हणून पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय खरोखर हवे असेल तर ते पहिले लिहा, कटऑफ पाहून घाबरू नका. उलट चूक महागात पडते. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की होते. प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. 'मिळेल ते वर' या हिशेबाने भरलेली यादी इथेच अडकवते.

गेल्या वर्षीच्या कटऑफ यादीतले संकेत वाचायला शिका. सुरुवातीचा जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटचा एच म्हणजे गृहविद्यापीठाचे उमेदवार, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. गृहविद्यापीठ सहसा बारावीच्या कॉलेजवरून ठरते, घरच्या पत्त्यावरून नाही. लातूरला शिकलेल्या पुण्याच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा एचचा नव्हे, ओचा कटऑफ पाहावा.

शिक्षणशुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागांना निराळा सांकेतिक क्रमांक असतो. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एकाच कॉलेजचे दोन्ही क्रमांक यादीत भरावे लागतात. नुसता योजनेला होकार देऊन भागत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा. त्यामुळे संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या जागेकडे वळण्याआधी मुलींच्या पालकांनी हा हिशेब मांडावा.

कॅपमध्ये प्रवेश घेतल्यावर आयसरची पुढची यादी लागली, तर ठरलेल्या शेवटच्या तारखेआधी ऑनलाइन लॉगिनमधून प्रवेश रद्द करा आणि कॉलेजकडून पोच घ्या. मुदतीत रद्द केल्यास शुल्क नाममात्र कपात करून परत मिळते. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवायला कॉलेजला परवानगी नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र प्रवेशाच्या वेळी जमा होतो, म्हणून तो देण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा.